प्रभारी

महाविद्यालयातल्या माझ्या खोलीत, खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, सागवानी लाकडाचा एक फलक होता. त्यावर आजवरच्या आचार्यांची नावे आणि प्रत्येकाचा कार्यकाळ पिवळ्या तैलरंगात गुजरातीतून लिहिलेला होता. गुजरातेत महाविद्यालयाच्या प्रमुखाला आचार्यच म्हणतात. प्राचार्य हा शब्द मी फक्त घरी, मराठीत बोलताना वापरत असे. फलकावर पाच नावे होती आणि पाचव्या नावाखाली आणखी सहा-सात नावे मावतील एवढी जागा रिकामी होती. त्या खोलीत मी सात वर्षे आणि चार महिने बसले, पण त्या रिकाम्या जागेत माझे नाव आले नाही, कारण कागदोपत्री मी आचार्य नव्हते. मी इन्चार्ज होते. मराठीत प्रभारी.

संस्था चालवणाऱ्या मंडळाच्या मंत्र्यांना, म्हणजे सचिवांना, मी एकदा, फार उशिरा, हसत हसत त्याबद्दल विचारले होते. ते म्हणाले, "बेन, इन्चार्जचे नाव नाही लिहीत. उद्या कायमचे आचार्य आले की मध्येच कसे दिसेल?" त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती. फक्त ते कायमचे आचार्य माझ्या निवृत्तीपर्यंत आले नाहीत. पद भरायचे तर सरकारची परवानगी, मग जाहिरात, मग मुलाखती, आणि या साखळीतली कुठली तरी एक कडी दर वर्षी निसटत असे. अनुदानित महाविद्यालयांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. ज्येष्ठतेच्या यादीत वरचे नाव माझे होते, म्हणून एका जून महिन्यात मला एक ओळीचे पत्र मिळाले आणि अर्थशास्त्राची प्राध्यापिका असलेली मी 'पुढील व्यवस्था होईपर्यंत' त्या खुर्चीत जाऊन बसले.

आमचे घर बडोद्यात दांडिया बाजारात. आजोबा संस्थानच्या हुजूर कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या तोंडी सयाजीराव महाराजांचा उल्लेख नुसता 'सरकार' असा येत असे. आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर खासेराव जाधवांचा बंगला आहे. अरविंद घोष बडोद्याच्या नोकरीत असताना खासेराव आणि त्यांचे बंधू माधवराव यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह जुळला आणि त्या घरात त्यांचे वास्तव्य होते, ही गोष्ट दांडिया बाजारातल्या मुलांना पाढ्यांबरोबरच कळते. आज तिथे ध्यानमंदिर आहे, लोक चपला बाहेर काढून आत जातात. मीही लहानपणी आजीचे बोट धरून गेले असेन. पण योगी अरविंदांपेक्षा मला नंतरच्या आयुष्यात जास्त जवळचे वाटले ते बडोदा कॉलेजचे प्रोफेसर घोष, आणि त्याचे कारण थोडे स्वार्थी आहे. तेही प्रभारीच होते.

1893च्या फेब्रुवारीत, एकविसाव्या वर्षी, ते इंग्लंडहून परतून संस्थानच्या चाकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना महिना 200 रुपये मिळत. सुरुवातीला त्यांनी जमाबंदीसारख्या रुक्ष खात्यांत दिवस काढले, पुढे महाराजांची कागदपत्रे लिहिण्याचे काम केले, आणि 1897च्या सुमारास बडोदा कॉलेजात आधी फ्रेंच व मग इंग्रजी शिकवू लागले. पुढे ते उपप्राचार्य झाले आणि 1905 साली कार्यवाहक प्राचार्य. कायमचे प्राचार्य ते कधीच नव्हते. 1906 साली त्यांनी बडोदे सोडले, तेव्हा त्यांचा पगार सातशेच्या वर गेला होता, आणि कलकत्त्याच्या नव्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी पत्करले ते 150 रुपयांवर. हे आकडे मी वर्गात सांगत असे, कारण अर्थशास्त्राच्या मुलांना आकडा सांगितल्याशिवाय त्याग कळत नाही.

ज्या इमारतीत हे घडले ती आजही सयाजीगंजात उभी आहे. बडोदा कॉलेज 1881 साली सुरू झाले. रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने त्याला जो भव्य घुमट दिला तो विजापूरच्या गोल घुमटाच्या खालोखाल आहे, असे बडोदेकर पाहुण्यांना न विचारता सांगतात. तेव्हा हे कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. 1949 साली त्यातून महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले आणि हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. मी शिकले ती याच घुमटाच्या परिसरात, आणि नोकरी मात्र केली मही नदीपलीकडे, चरोतर भागातल्या एका तालुक्याच्या गावी. एकतीस वर्षे मी रोज सकाळची मेमू पकडली. बाजवा, रानोली, नंदेसरी ही स्थानके वासावरून डोळे मिटून ओळखता येत, आणि महीचा पूल आला की डब्यातले सगळे बोलणे गाडीच्या आवाजात बुडून जाई. त्या दीड-दोन मिनिटांत मी दिवसाच्या पहिल्या तासाचे पहिले वाक्य मनात ठरवत असे. प्रभारी झाल्यावर त्याच पुलावर मला अनुदानाचे हप्ते आठवू लागले.

प्राचार्याचे काम काय असते, हे मला त्या खुर्चीत बसेपर्यंत ठाऊक नव्हते, आणि वीस वर्षे मी प्राचार्यांवर स्टाफरूममध्ये बसून टीका करत आले होते. काम असते सहीचे. पगारपत्रक, शिष्यवृत्तीचे अर्ज, बोनाफाईड, शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत, विजेचे बिल, प्रयोगशाळेसाठी आणलेल्या बारा परीक्षानळ्यांची पावती, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची सीलबंद पोती, नॅकच्या अहवालाची प्रत्येक पृष्ठसंख्या. पहिल्या दिवशी मी सह्या मोजल्या होत्या: एकशे बारा. दुसऱ्या दिवसापासून मोजणे सोडले. हेड क्लार्क, जे माझ्याहून वयाने मोठे आणि नियमांत माझ्याहून कितीतरी मुरलेले होते, ते कागद अशा क्रमाने ठेवत की ज्यावर विचार करायचा तो कागद नेहमी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर येई. त्यामागे हेतू होता की योगायोग, हे मी शेवटपर्यंत ठरवू शकले नाही.

आणखी एक गोष्ट झाली, जिची मला कोणी कल्पना दिली नव्हती. मी स्टाफरूमच्या दारात आले की बोलणे थांबू लागले. ज्या मैत्रिणींबरोबर मी वीस वर्षे डबा खाल्ला होता त्या माझ्यासाठी खुर्ची पुढे करून स्वतः उभ्या राहू लागल्या. त्यात मान नव्हता आणि रागही नव्हता. एखाद्या घरात सोयर असावे तशी ती एक पाळणूक होती. पहिले दोन महिने मी हट्टाने तिथे जात राहिले, मग माझ्यामुळे त्यांचे जेवण लांबते हे लक्षात आल्यावर डबा माझ्या खोलीतच उघडू लागले. पटावाळा, म्हणजे शिपाई, रोज न सांगता ताक आणून ठेवी.

अरविंदबाबूंच्या पगाराची एक गोष्ट त्यांच्याकडे शिकलेल्या पाटकर नावाच्या बडोदेकर विद्यार्थ्याने सांगून ठेवली आहे. तीन महिन्यांचा पगार एकदम थैलीत येई आणि ते तो टेबलावरच्या तबकात ओतून ठेवत. कुलूप नाही, हिशेब नाही. लागेल तसे त्यातून काढायचे, संपले की संपले. असे पैसे उघडे का ठेवता, असे पाटकरांनी विचारले, तेव्हा आपण चांगल्या माणसांत राहतो याचा हा पुरावाच आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ही आठवण मी पहिल्यांदा वाचली तेव्हा भारावले होते. प्रभारी असताना पुन्हा वाचली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो ऑडिटचा, आणि मग स्वतःचीच थोडी लाज वाटली. त्याच तबकाच्या मालकाने कॉलेजचे जमाखर्च कसे पाहिले असतील, हा प्रश्न मात्र मला अजून पडतो. पैशाबद्दलची ही बेफिकिरी स्वतःच्या खिशापुरती शोभते. संस्थेच्या पैशाबद्दल बेफिकीर असणारे प्राचार्य मी पाहिले आहेत आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनी ती वर्षे कशी निस्तरली तेही पाहिले आहे.

1905चे ते वर्ष मोठे विलक्षण आहे. ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली. त्याआधी 30 ऑगस्टला या कार्यवाहक प्राचार्यांनी पत्नी मृणालिनीदेवींना ते प्रसिद्ध पत्र लिहिले, ज्यात स्वतःची तीन वेडे सांगितली आहेत: जे मिळते ते देवाचे आहे आणि आपल्याला गरजेपुरतेच घेण्याचा अधिकार आहे हे पहिले, ईश्वराला प्रत्यक्ष पाहायचे हे दुसरे, आणि देश म्हणजे जमिनीचा तुकडा नसून आई आहे हे तिसरे. ते पत्र लिहिणारा माणूस त्या काळात दिवसा वेळापत्रके आणि हजेरीपट पाहत असणार, मुंबई विद्यापीठाच्या पत्रांना उत्तरे देत असणार. खुर्चीवर बसलेला माणूस आतून कुठे असतो हे समोर उभ्या असलेल्या शिपायालाही कळत नाही, हे मला स्वानुभवाने ठाऊक आहे. अर्थात माझ्या आत देश किंवा ईश्वर नव्हता, आईचे गुडघ्याचे ऑपरेशन होते.

प्राचार्यपदाबद्दल आम्ही मराठी माणसे बोलू लागलो की गाडी फर्ग्युसनवर जातेच. वामन शिवराम आपटे 1892 साली गेले तेव्हा ते चौतिशीत होते. त्यांच्या जागी आलेले आगरकर 1895 साली गेले ते चाळिशी न गाठता. दोघेही पदावर असताना. पुढे केंब्रिजचे रँग्लर परांजपे 75 रुपयांवर त्या जागी येऊन वीसेक वर्षे राहिले. माझ्या वडिलांना ही नावे स्तोत्रासारखी पाठ होती आणि मला पत्र मिळाले त्या संध्याकाळी त्यांनी ती पुन्हा म्हणून दाखवली. मी त्यांना म्हटले, "बाबा, मला पुढील व्यवस्था होईपर्यंतच बसवले आहे." ते म्हणाले, "त्यांना काय वेगळे बसवले होते?"

बडोद्याला मात्र स्वतःचा एक प्राचार्य आहे, ज्याचे नाव आमच्याकडेही फारसे घेतले जात नाही. त्रिभुवनदास गज्जर. सुरतेचे हे रसायनशास्त्रज्ञ बडोदा कॉलेजात प्राध्यापक होते. 1890 साली महाराजांनी कलाभवन काढले ते त्यांच्या कल्पनेतून, आणि त्याचे पहिले प्राचार्यही तेच झाले. रंगाई, यंत्रकाम, स्थापत्य अशा विद्या कारागिरांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवाव्यात, त्यासाठी आधी परिभाषा आणि पुस्तके तयार करावीत, असा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. काही वर्षांतच गज्जर बडोदे सोडून मुंबईला गेले. तिथे चापेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला फासलेले डांबर त्यांनी रसायनाने काढून दिले आणि त्यामुळे ते एकदम प्रसिद्ध झाले. 1907 साली अलेंबिक हा कारखाना उभा राहिला तो त्यांच्या मार्गदर्शनाखाली, त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर आणि अमीन यांच्या हातून. या माणसाचे चरित्र वाचताना मला नेहमी वाटत आले की एका पुतळ्याचा डाग काढण्याची गोष्ट लोकांच्या लक्षात राहावी आणि मातृभाषेतून तंत्रशिक्षणाची खटपट विसरली जावी, हा प्राध्यापकाच्या नशिबाचा नमुना आहे. कलाभवनाची इमारत आता विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेची आहे आणि तिथे शिकवणे इंग्रजीतून चालते.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट कागदांची किंवा इमारतींची नाही.

प्रभारी झाल्यावरही मी तृतीय वर्षाचा एक तास सोडला नव्हता. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी आठ वाजता, सार्वजनिक आयव्यय. नियमाप्रमाणे मला तो सोडता आला असता आणि हेड क्लार्कांची तशी स्पष्ट इच्छाही होती. मी तो हट्टाने ठेवला, पण तो नीट घेत नव्हते, हे आज कबूल करते. कधी गांधीनगरहून फोन येई, कधी मंडळाची बैठक असे, आणि मग बुडालेले तास भरून काढण्यासाठी मी वीस वर्षांत कधी केले नव्हते ते करू लागले: मजकूर सांगायचा आणि मुलांनी उतरवून घ्यायचा. मुलांना ते आवडले. वर्ग शांत राहू लागला, हजेरी वाढली. मला वाटले, माझ्या पदाचा तो परिणाम असावा.

त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेत माझ्याच वर्गातली एक मुलगी कापलीसह, म्हणजे कॉपीच्या चिठ्ठीसह, सापडली. पर्यवेक्षकाने तिला माझ्यासमोर आणले, कापली टेबलावर ठेवली, उत्तरपत्रिका ठेवली. नियम साधा होता: केंद्रप्रमुख म्हणून मी अहवाल लिहायचा, मुलीचा जबाब घ्यायचा, सगळे लिफाफ्यात घालून विद्यापीठाला पाठवायचे. मी कापली उलगडली. बारीक, सुबक अक्षरात, घामाने थोडे पसरलेले, त्यावर माझे वाक्य होते. करभाराच्या संक्रमणाची व्याख्या, जी कुठल्याही पुस्तकात त्या शब्दांत नाही, जी मी एका शुक्रवारी घाईत, घड्याळाकडे पाहत सांगितली होती, आणि जिच्यात एक शब्द चुकलेला होता. तो चुकलेला शब्दही तिने प्रामाणिकपणे उतरवला होता.

तिचे वडील दुपारी आले. तंबाखूचे शेतकरी, पांढरा सदरा, हाताच्या बोटांना पानांचा काळपट डाग. ते रडले नाहीत, भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेन, तिने तुमचेच लिहिले होते ना?" त्यांचा युक्तिवाद कायद्यात बसणारा नव्हता. मी तो अहवाल लिहिला. लिहिताना मी व्याख्येतली चूक नोंदवली नाही, कारण अहवालाच्या नमुन्यात तिच्यासाठी रकाना नव्हता, आणि रकाना असता तरी मी ती लिहिली असती की नाही, याची मला खात्री देता येत नाही. मुलीचे ते वर्ष गेले. पुढच्या वर्षी तिने प्रवेश घेतला नाही.

अरविंदबाबूंनी पुढे पाँडिचेरीत शिष्यांशी बोलताना बडोद्याच्या वर्गांची आठवण काढली होती. इथले विद्यार्थी प्राध्यापकाचा शब्दन् शब्द उतरवतात आणि पाठ करतात, हे पाहून त्यांना नवल वाटले होते. इंग्लंडात असे कधी होत नव्हते. नेल्सनच्या चरित्रावर शिकवत असताना विद्यार्थ्यांनी तक्रार केली की तुम्ही सांगता ते टिपणांशी जुळत नाही. त्यांनी उत्तर दिले की मी ती टिपणे वाचलेली नाहीत आणि तशीही ती टाकाऊच असतात. बडोद्यात हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. त्या एप्रिलनंतर मला तो हसता येईना. ज्या शहरातल्या मुलांनी शंभर वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसाकडे तयार टिपणे मागितली आणि त्याने ती दिली नाहीत, त्याच शहरातून मी रोज गाडीने नदी ओलांडून जात होते आणि महीपलीकडच्या मुलांना तीच टिपणे, चुकीसह, देत होते. आणि का देत होते, तर मला सह्या करायच्या होत्या म्हणून.

पुढच्या जूनपासून मी मजकूर सांगणे बंद केले. तास बुडाला तर बुडाला, पण घेतला तर नीट. हजेरी पुन्हा कमी झाली. त्या वर्षी निकालही घसरला आणि मंडळाच्या बैठकीत त्याबद्दल मला विचारणा झाली. मी कारण सांगितले नाही, फक्त पुढल्या वर्षी पाहू म्हटले. पुढल्या वर्षी निकाल थोडा वर आला, तो कशामुळे ते मला सांगता येणार नाही.

1908च्या जानेवारीत, सुरतेच्या काँग्रेसनंतर, अरविंदबाबू बडोद्याला आले. तोवर कलकत्त्याचे प्राचार्यपदही त्यांनी सोडले होते. मुले वर्ग सोडून धावली आणि गाडीचे घोडे सोडून त्यांनी ती स्वतः ओढली. मुलांना बाहेर पडण्यास तेव्हाच्या प्राचार्यांनी मनाई केली होती, असे सांगतात. या प्रसंगाचे चित्र मनात आणले की माझी नजर हल्ली गाडीकडे जात नाही. ती जाते त्या रिकाम्या वर्गाकडे आणि खिडकीत उभ्या असलेल्या त्या प्राचार्याकडे, ज्याने हुकूम काढला आणि ज्याचा हुकूम कोणी पाळला नाही. त्याला संध्याकाळी गैरहजेरीची नोंद करावी लागली असेल. याच भेटीत ग्वाल्हेरचे योगी विष्णु भास्कर लेले अरविंदबाबूंना भेटले आणि तीन दिवस एका वाड्याच्या माडीवर त्यांनी त्यांना ध्यानाला बसवले. तिथून पुढचे चरित्र योग्याचे आहे.

मी बासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी कार्यभार सोपवायचा होता, तोही एका सहकाऱ्याकडे, ज्यांना माझ्यासारखेच एक ओळीचे पत्र आले होते. डेड स्टॉकची यादी घेऊन आम्ही दोघे आणि हेड क्लार्कांच्या जागी आलेला नवा मुलगा खोलीभर फिरलो. टेबल एक, खुर्च्या नऊ, लोखंडी कपाटे तीन, त्यांपैकी एकाची किल्ली नाही, पितळी घंटा एक, भिंतीवरचे घड्याळ बंद स्थितीत एक. मुलगा वाचत होता, मी वस्तूला हात लावत होते, नवे प्रभारी मान हलवत होते. एकतिसाव्या क्रमांकावर तो थांबला, त्याने वर पाहिले, आणि वाचले: "नामफलक, सागवानी, एक."

मी मागे वळून फलकाला हात लावला. त्याने बरोबरची खूण केली. पाच वाजून दहा मिनिटांची मेमू गाठायची होती.